सरावात ६२२, मॅचमध्ये ६११ : मनाची तयारी नक्की करायची कशी?

कळंबेकर
नमस्कार मंडळी. इथे खेळाडू आणि खेळाडूंचे आईवडील बरेच आहेत म्हणून विचारते.

लेक यंदा दहावीत. १० मीटर एअर रायफल करते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ६० गोळ्या, ७५ मिनिटं, दहा-दहाच्या सहा सिरीज. एका गोळीला जास्तीत जास्त १०.९. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी लांबून दिसतही नाही.

रेंजवर तिचा रोजचा स्कोअर ६२०-६२२. मॅच म्हटली की ६११-६१२. पहिल्या चार सिरीज १०४ च्या आसपास, अगदी सरावासारख्या. मग पाचव्या-सहाव्यात शंभराच्याही खाली. एकदा नाही, दरवेळी. जिल्हा झाली, वरळीला राज्य स्पर्धा झाली, तेच.

कोच म्हणतात मन खंबीर कर. मामा म्हणतो मेडिटेशन लाव. शेजारच्या काकूंनी स्तोत्र दिलंय. ती बिचारी सगळं करते. पण 'मन खंबीर कर' म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे कोणीच सांगत नाही. इथे कोणी सांगेल का?

चहाबाज
स्तोत्राचा स्कोअरवर परिणाम झाला तर कळवा. आमच्याकडे क्रिकेट टीमला गरज आहे.

(गंमत बाजूला. धागा वाचतोय. मुलगा बॅडमिंटन खेळतो, आमचीही हीच रड.)

शंकासूर
थोडं रोखठोक लिहितो, राग मानू नका. आपल्याकडे जे कारण सापडत नाही त्याला 'मानसिक' म्हणायची पद्धत आहे. पोट दुखलं की गॅस, स्कोअर पडला की मन. आधी बाकीचं तपासा.

शेवटच्या दोन सिरीजमध्ये पाठ थकते का? जाडजूड जॅकेट-ट्राउझर घालून तासभर उभं राहणं हे कष्टाचं काम आहे. सरावात ती सलग ६० गोळ्या मारते का, की मध्ये जॅकेटची बटणं सोडून दहा मिनिटं गप्पा? पायांची ठेवण मॅचच्या शेवटापर्यंत तीच राहते का? मॅचच्या दिवशी सकाळी काय खाते? हे सगळं नीट असेल तरच मनाकडे वळा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, इलेक्ट्रॉनिक टार्गेटचा प्रिंटआउट घ्या. त्यावर प्रत्येक गोळीची वेळ असते. स्कोअर सगळे बघतात, वेळ कोणी बघत नाही.

कळंबेकर
राग कशाला. सरावात सलग साठ मारते, आठवड्यातून दोनदा तरी. मॅचच्या दिवशी खाणं मात्र अर्धं केळं आणि दोन घोट चहा, त्याच्यापुढे घशाखाली उतरत नाही.
प्रिंटआउट मागवते कोचकडून.

दहा_पूर्णांक_नऊ
ताई, मी बरीच वर्षं रायफल केली, नॅशनलपर्यंत. आता मुलांना शिकवतो. शंकासूरांचं निम्मं पटलं, निम्म्याबद्दल पुढे लिहितो. आधी एक खरी गोष्ट सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्यात दिसतं.

२००४, अथेन्स. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सची (नीलिंग म्हणजे गुडघा टेकून, प्रोन म्हणजे पालथं पडून, स्टँडिंग म्हणजे उभं राहून) फायनल. अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स शेवटच्या गोळीआधी तीन गुणांनी पुढे. साधी सात-आठ लागली तरी सुवर्ण. त्याने गोळी मारली आणि त्याच्या मॉनिटरवर काहीच आलं नाही. गोळी शेजारच्या लेनच्या टार्गेटवर गेली होती. शून्य गुण, थेट आठवा क्रमांक.

हे सगळ्यांना माहीत असतं. त्याने नंतर जे सांगितलं ते फारसं कोणाला माहीत नसतं. एरवी तो आधी सायटमधून (रायफलवरचं नेम धरायचं साधन) टार्गेटवरचा लेन नंबर बघायचा आणि मग रायफल खाली टार्गेटवर आणायचा. त्या एका गोळीला तो स्वतःला शांत करण्याच्या खटपटीत होता, आणि नंबर बघायचाच राहिला.

म्हणजे बघा, घाबरून त्याचा नेम चुकला नाही. नेम उत्तम होता. शांत होण्याच्या नादात रोजच्या क्रमातली एक पायरी गळली.

म्हणून मी मुलांना 'शांत हो' असं कधीच सांगत नाही. छाती धडधडणारच. ती थांबवणं तुझं काम नाही. धडधडत्या छातीने पुढची पायरी कोणती, एवढंच तुला माहीत पाहिजे. मनाची तयारी म्हणतात ती माझ्या लेखी एवढीच, आणि ती मॅचच्या दिवशी होत नाही, रोज रेंजवर होते.

चहाबाज
बाप रे. पुढे काय झालं त्याचं?

दहा_पूर्णांक_नऊ
त्या संध्याकाळी त्याचं सांत्वन करायला चेक नेमबाज कातेरिना कुरकोव्हा आली. २००७ ला त्यांचं लग्न झालं. २००८ ला बीजिंगमध्ये तिने त्या ऑलिंपिकचं पहिलं सुवर्ण जिंकलं आणि त्याच ऑलिंपिकमध्ये ह्याची शेवटची गोळी पुन्हा गेली. ट्रिगरवर बोट अलगद टेकवताना गोळी सुटली, ४.४. सुवर्णावरून चौथा. २०१२ ला लंडनमध्ये मात्र कांस्य घेतलंच.
दोन ऑलिंपिकचं असं ओझं घेऊन तिसऱ्यांदा फायनलच्या लाइनवर उभं राहणं! खंबीर मन कशाला म्हणायचं तर मी ह्याला म्हणेन, पण तो वेगळा विषय.

तालमीतला_बापू
आवो ताई, आमच्यात उलटं हाय. कुस्तीला पोरगं थंड पडलं की गेलं. आखाड्यात उतरताना माती कपाळाला लावायची, अंगावर घ्यायची, शड्डू ठोकायचा. त्यो शड्डू काय नुसता समोरच्याला भ्या दावायला नसतोय. सोताचं अंग जागं करायला असतोय. वस्ताद म्हणायचे, शड्डूचा आवाज फुसका आला तर गडी आज गळपटलेला हाय असं समजायचं.

पर दहाभाऊ म्हणत्यात ते खरं हाय. आमच्या बी प्रत्येक गड्याचं ठरलेलं असतंय, आधी माती, मग शड्डू, मग सलामी. त्यात खाडा न्हाई. गावच्या जत्रेतली कुस्ती असू दे न्हाईतर केसरीची.

दहा_पूर्णांक_नऊ
बापू, लाखातलं बोललात. क्रम तुमच्याकडेही तोच, फक्त तुम्ही भट्टी पेटवता आणि आम्ही आच कमी करतो. म्हणूनच कुस्तीचा सल्ला नेमबाजाला जसाच्या तसा देऊ नये. 'जोश आण, फाडून टाक' म्हणणारे पालक रेंजवर दिसले की मला घाम फुटतो.

शंकासूर
ह्याला शरीरशास्त्राचा दुजोरा आहे. बीटा ब्लॉकर म्हणून औषधं असतात, रक्तदाबासाठी देतात, हृदयाचे ठोके आणि हाताची थरथर कमी करतात. धावणाऱ्याला त्यांचा उपयोग शून्य, उलट तोटाच. पण नेमबाजीत आणि तिरंदाजीत ती बंद आहेत, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. २००८ ला उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची दोन पदकं ह्याच प्रोप्रानोलॉलपायी गेली. एका ठोक्याने गोळी कुठे जाते हे ह्यावरून समजा.

तेव्हा 'धडधडू दे, काही होत नाही' हे मला अर्धवट वाटतं. होतं की! रायफल हलते.

दहा_पूर्णांक_नऊ
हलते, मान्य. हलणार नाही असं मी म्हणालोच नाही. हलत्या रायफलने दहा मारता येतो, घाईच्या बोटाने नाही.

आपल्या स्वप्नील कुसाळेचंच घ्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, तेव्हा रेल्वेत टीसी. १ ऑगस्ट २०२४, पॅरिस. त्याच थ्री पोझिशन्सच्या क्वालिफिकेशनमध्ये ५९० मारून सातवा आलेला. फायनलमध्ये नीलिंगनंतर सहावा, प्रोननंतर पाचवा, आणि स्टँडिंगला वर चढत ४५१.४ वर कांस्य. स्टँडिंग म्हणजे तिन्हींतली सगळ्यात डगमगती पोझिशन, आणि तिथेच एकेक जण बाद होत जातो. त्यानंतर तो काय म्हणाला होता आठवतं? पोटात गोळा आलेला, नुसत्या काळ्या चहावर आलेला, छाती जोरात धडधडत होती. श्वासावर लक्ष ठेवलं आणि वेगळं काही करायला गेलो नाही. (ताई, तुमच्या लेकीचं अर्धं केळं त्यामानाने मेजवानी आहे!)

'वेगळं काही करायला गेलो नाही' हे बोलायला सोपं. मॅचमध्ये सगळ्यांचा हात वेगळं करायलाच शिवशिवतो. सायटचे क्लिक फिरव, पाय हलव, गालाचा दाब बदल.

कळंबेकर
पण मग 'रोज रेंजवर' नक्की काय करायचं? क्रम तिलाही माहीत आहे की.

दहा_पूर्णांक_नऊ
माहीत असणं वेगळं आणि लिहिलेलं असणं वेगळं. तिला तिच्या शब्दांत एका कार्डावर लिहायला सांगा. माझ्या एका विद्यार्थिनीचं कार्ड असं होतं:

पाय. कंबर. गाल. श्वास अर्धा सोड. काळ्याभोवती पांढरं सारखं. बोट. थांब.

एवढंच. 'काळ्याभोवती पांढरं सारखं' म्हणजे सायटमधून बघताना टार्गेटच्या काळ्या गोलाभोवती पांढरी कडा सगळीकडून सारखी दिसली पाहिजे. 'थांब' म्हणजे गोळी सुटल्यावरही क्षणभर तसंच राहायचं, मॉनिटरकडे मान वळवायची नाही. मान वळवण्याआधी मनात म्हणायचं, गोळी कुठे गेली: 'उजवीकडे दहा-दोन.' मग बघायचं. हे कॉल करणं ज्याला जमतं त्याला वाईट गोळीची भीती वाटत नाही, कारण ती का गेली हे त्याला आधीच ठाऊक असतं.

दुसरं, रायफल खाली घेणं. श्वास रोखून सात-आठ सेकंद झाले, गोळी सुटली नाही, तर डोळा शिणतो, होल्ड (नेम धरल्यावर रायफल जेवढी हलते ते) मोठा होतो. अशा वेळी रायफल खाली घेऊन पहिल्यापासून सुरुवात करायची. हे प्रत्येक पोराला माहीत असतं आणि मॅचमध्ये कोणी करत नाही. 'आता एवढं धरलंय तर मारूनच टाकू.' माझ्या मते दहा मीटरमधली सगळ्यात अवघड मानसिक गोष्ट ही आहे. त्यासाठी मी सरावात एक दिवस स्कोअर लिहितच नाही. किती वेळा रायफल खाली घेतली, तेवढंच डायरीत लिहायचं.

तिसरं, सरावाची मॅच करा. अभिनव बिंद्राने बीजिंगच्या आधी चंदीगडला लग्नाचा हॉल भाड्याने घेतला होता, मोठ्या हॉलची आणि तिथल्या उजेडाची सवय व्हावी म्हणून. आपल्याला लग्नाचा हॉल नको. मी पाच-सहा पोरं लाइनवर उभी करतो, मागे बाकीचे आरडाओरडा करतात, एकेक बाद होतो, हरेल त्याने सगळ्यांना वडापाव. वडापावच्या पैशासाठी पोरांचे हात कसे थरथरतात ते एकदा बघाच.

चहाबाज
बिंद्राची फायनल आम्ही ऑफिसात टीव्हीला चिकटून बघितली होती. शेवटची गोळी आठवते.

दहा_पूर्णांक_नऊ
शेवटची सगळ्यांना आठवते. १०.८. त्याआधी तो आणि फिनलंडचा हेन्री हक्किनेन बरोबरीत होते. हक्किनेनला ९.७ लागली आणि तो कांस्यावर घसरला. पण मला त्याहून मोठी वाटते ती फायनलच्या आधीची गोष्ट. सायटर (मॅचआधीच्या, गुण न धरायच्या गोळ्या) मारायला गेला तर गोळी पार बाहेर, सायट हललेली. क्वालिफिकेशन आणि फायनलच्या मधल्या वेळात काय झालं कोणास ठाऊक. पुढच्या काही मिनिटांत ती जागेवर आणायची आणि मग ऑलिंपिक फायनल. त्याने आणली आणि पहिल्याच गोळीला १०.७ मारली.

म्हणून डोळे मिटून मॅच 'बघायची' असते तेव्हा पोरांनी नुसतं पदक गळ्यात पडताना बघू नये. ते सगळ्यांनाच येतं. पेलेट (एअर रायफलचा छर्रा) अडकली, टार्गेट बंद पडलं, शेजारच्याची बाटली पडली, ज्युरी मागे येऊन उभे राहिले, हे बघायचं आणि त्यापुढे आपण काय करतो तेही बघायचं. टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल ऐन क्वालिफिकेशनमध्ये बिघडलं, हातची मिनिटं गेली, फायनल थोडक्यात हुकली. तीच मुलगी पॅरिसहून दोन कांस्यं घेऊन आली.

गोदाकाठ
नाशिककर म्हणून एक नाव जोडल्याशिवाय राहवत नाही: भीष्मराज बाम. पोलीस सेवेतले मोठे अधिकारी, स्वतः पिस्तूल चालवणारे, आणि निवृत्तीनंतर खेळाडूंच्या मनावर काम करणारे आपल्याकडचे अगदी सुरुवातीचे गृहस्थ. अंजली भागवतपासून राहुल द्रविडपर्यंत कितीतरी जण त्यांच्याकडे जाऊन आले. २०१७ ला गेले. त्यांचा सगळा पाया योगाचा.

मेडिटेशनला इथे जरा हसण्यावारी नेलंय म्हणून लिहिते. एकाग्रता म्हणजे मन एका जागी खिळवून ठेवणं अशी आपली समजूत असते. ते कोणालाच जमत नाही. मन सुटणारच. सुटलं हे लवकर कळणं आणि परत आणणं, ह्याचा सराव म्हणजे ध्यान. साठ गोळ्यांत मन साठदा सुटेल. रोज दहा मिनिटं बसून श्वास मोजणाऱ्या मुलीला ते तिसऱ्या सेकंदाला कळेल, न बसणारीला तीन गोळ्या गेल्यावर. मामांचा सल्ला टाकाऊ नाही, फक्त मॅचच्या आदल्या रात्री सुरू करायची ती गोष्ट नाही.

दहा_पूर्णांक_नऊ
+१. ही ओळ मी माझ्या पोरांना वाचून दाखवणार.

लेन_सोळा
मी अकरावीत आहे, एअर पिस्तूल करते. आईच्या लॉगिनवरून नाही, माझ्याच लॉगिनवरून लिहितेय :)

काकू, एक विचारू? मॅच चालू असताना तुम्ही आणि काका कुठे बसता?

कारण आमच्या रेंजवर मागे काचेपलीकडे पालक बसतात आणि मोठ्या स्क्रीनवर सगळ्यांचे स्कोअर लाइव्ह दिसतात. आपल्याला स्क्रीन बघायची नसते, पण बाबांचा चेहरा दिसतो. रायफलवाल्यांना तर प्रत्येक गोळीनंतर खाली घेऊन लोड करायचं असतं, तेव्हा मान सहज वळते. बाबांनी कपाळाला हात लावला की कळतं आपण किती नंबरवर आहोत.

आणि मॅच संपल्यावर पहिला प्रश्न 'किती झाले?' नका विचारू. त्यांनी स्क्रीनवर बघितलेलंच असतं! तरी विचारतात. माझ्या आईने तो प्रश्न बंद केला आणि थेट जेवायला नेते. खरं सांगू तर मग मीच आपणहून सगळं सांगते.

कळंबेकर
अगं बाई. आम्ही पहिल्या रांगेत बसतो. तिचे बाबा प्रत्येक सिरीजचा स्कोअर घरच्या ग्रुपवर टाकतात, आणि तिकडून सगळ्यांचे अंगठे आणि फुगे. तिसऱ्या-चौथ्या सिरीजपर्यंत तर ग्रुपवर मेडल मिळाल्यातच जमा असतं.

तिला विचारलं आज. म्हणाली, 'हो, दिसतात बाबा. चौथ्या सिरीजनंतर ते उभेच राहतात.'

आता ह्यांना कसं समजवायचं त्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.

तालमीतला_बापू
काकास्नी चहाच्या टपरीवर बसवा. आमच्या वस्तादांनी पोरांच्या बापास्नी तालमीत पाय ठेवू दिला न्हाई कधी.

शंकासूर
प्रिंटआउट मिळाला का? मी अजून तिथेच आहे.

कळंबेकर
मिळाला. राज्य स्पर्धेचा आहे. पहिल्या चाळीस गोळ्यांमध्ये दोन गोळ्यांतलं अंतर साधारण ५५ ते ६५ सेकंद. ४३ वी गोळी ९.१. त्यानंतर ४४ वी २८ सेकंदांनी, ४५ वी २५, ४६ वी ३१. शेवटपर्यंत तसंच. वीसेक मिनिटं शिल्लक ठेवून ती लाइनवरून उठली होती. मला तर वाटायचं, लवकर संपवते म्हणजे सफाई आली हाताला!

सरावातलाही काढला. तिथे ९.३ लागली तरी पुढची गोळी मिनिटभरानेच आहे.

शंकासूर
हे घ्या. पाठ थकली असती तर वेग हळूहळू बदलला असता. इथे एका गोळीनंतर अर्ध्यावर आलाय. तेव्हा मी माझं 'पाठ तपासा' मागे घेतो, 'प्रिंटआउट काढा' नाही.

दहा_पूर्णांक_नऊ
आता बोलू शकतो नेमकं. ताई, तुमच्या लेकीचं मन सहा सिरीजमध्ये कमकुवत नाही. ४२ गोळ्या ती उत्तम मारते, छाती धडधडत असूनही. तिला फक्त एकाच प्रसंगाची तयारी नाही: वाईट गोळीनंतरचं एक मिनिट. ९.१ लागली की ती भरून काढायची घाई होते. भरून काढता येत नाही, १०.९ च्या वर काही नसतंच. पण पंधरा वर्षांच्या पोरीला त्या क्षणी हे गणित सुचत नाही, म्हणून ते अंगात मुरवायला लागतं.

करायचं ते असं. सरावात दहाच्या खाली गोळी गेली की रायफल स्टँडवर. हात पूर्ण सोडायचा. नजर टार्गेटवरून काढून जमिनीकडे किंवा स्वतःच्या बुटांकडे. एक घोट पाणी, दोन पूर्ण श्वास, आणि मग कार्ड पहिल्या शब्दापासून: पाय. प्रत्येक वेळी, कंटाळा आला तरी, नुसत्या ड्राय फायरिंगमध्ये (गोळी न भरता केलेल्या सरावात) सुद्धा. मॉनिटरवर बेरीज दिसते तिथे सरावापुरती कागदाची पट्टी चिकटवा. कोचना प्रिंटआउट दाखवा आणि पुढचा महिनाभर स्कोअरऐवजी खराब गोळीनंतरचे सेकंद लिहायला सांगा. ते ५५ च्या वर राहिले की स्कोअरकडे बघू.

आणि एखादी छोटी क्लब मॅच मिळाली तर मोठ्या स्पर्धेआधी खेळवा, काका टपरीवर असताना.

कळंबेकर
कार्ड लिहायला बसलीय. 'पाय' च्या आधी तिने 'बाबा नाहीत' असं लिहिलंय, ते चालेल का?

दहा_पूर्णांक_नऊ
नको, खोडायला सांगा. कार्डावर फक्त करायच्या गोष्टी. बाबांचं तुम्ही बघा.